बहरीनसमोर नांगरलेली पलटण

१६ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबईहून निघालेली पुणे डिव्हिजनची १६ वी ब्रिगेड २३ तारखेस बहरीनसमोर येऊन नांगरून राहिली, तेव्हा तीत ११७ वी मराठा पलटण होती. तुर्कांशी युद्ध अद्याप पुकारलेले नसल्याने फौज आगबोटींवरच राहिली. आणि ज्या बेटाच्या बाजारात हिंदी रुपया चालत असे, ज्याचे मोती मुंबईच्या जव्हेऱ्यांकडे येत, व ज्याच्या शेख ईसा बिन अली यांच्या कारभारावर इंग्रजांच्या पोलिटिकल एजंटाची नजर असे, ते बेट कोकणातल्या व देशावरल्या या जवानांनी कठड्यावरूनच पाहिले.

त्यांच्या मुलखात गावोगाव तालमी होत्या. शाहू महाराजांचे खासबाग मैदान तर १९१२ चे. जत्रेतल्या नारळावरच्या कुस्तीपासून मजल मारलेले गडी या पलटणीत नव्हते असे मानणे मला तरी कठीण वाटते. परंतु कोणी कोणास चितपट केले, हे फडातल्या आरोळ्यांबरोबर विरले, कारण पलटणीच्या दप्तरात शिपायाचे नाव, बापाचे नाव, गाव असला तपशील असे, कुस्त्या नव्हेत. याच्या उलट, इंग्लंडातील हल येथील जॅक हॅरिसन हा शिक्षक तेरा गड्यांच्या रग्बीत १९१३-१४ च्या हंगामात ५२ वेळा चेंडू प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे टेकवता झाला, हे क्लबाच्या वहीमुळे आजही सांगता येते. ३ मे १९१७ रोजी फ्रान्सात ओपी गावाजवळ, आपल्या अडकलेल्या तुकडीसाठी, पिस्तूल व बाँब घेऊन तो एकटाच मशीनगनवर धावून गेला आणि परतला नाही. त्यास मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

मराठ्यांची ब्रिगेड नोव्हेंबरच्या आरंभी बहरीनहून हलली, ६ तारखेस फाव घेतले गेले, महिना संपण्यापूर्वी बसरा. पुढे तुर्कांनी कुत येथे घातलेला वेढा सुमारे पाच महिने चालला आणि आत अडकलेल्या फौजेची उपासमार झाली. घोड्याचे मांस हिंदी शिपायांनी बव्हंशी नाकारले, म्हणून स्वदेशातील धर्मगुरूंची अनुज्ञा बिनतारी संदेशाने मागवावी लागली, आणि ती येऊनही कित्येकांनी पुष्कळ दिवस त्यास हात लावला नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली.

हॅरिसनचा देह सापडला नाही, तरी त्याचे नाव आरासच्या स्मारकावर कोरलेले आहे. बसऱ्याच्या स्मारकावर इंग्रज शिपायांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या, नावे नोंदवहीत. ११७ व्या पलटणीस १९२१ साली ‘रॉयल’ हा किताब बहाल झाला.