घृष्णेश्वराचा झेंडू

वेरूळास घृष्णेश्वराच्या दर्शनाला जाणाऱ्या भाविकाच्या हातांत बेलाच्या पानांबरोबर झेंडूचीं फुलेंहि दिसतात. दसऱ्याला तर झेंडूच्या तोरणावांचून मराठी घराचें दार सुनें वाटतें. हें फूल आपल्या पूजेंत अनादि काळापासून आहे, अशीच पुष्कळांची समजूत असते. वेरूळचा पाषाण मात्र निराळी साक्ष देतो.

मंदिराजवळच कैलास लेणें आहे. आठव्या शतकांत राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या कारकीर्दींत तें एका अखंड कड्यांतून वरून खालीं कोरलें गेलें. प्रवेश करतांच समोर गजलक्ष्मी दिसते. देवी कमळांच्या सरोवरांत बसली असून हत्ती तिला स्नान घालीत आहेत. कमळ त्या शिल्पकारांच्या परिचयाचें होतें. झेंडू त्यांनीं पाहिला असण्याचा संभव नाहीं. कारण झेंडूचें मूळ घर मेक्सिको व मध्य अमेरिका हें होय. तेथील अ‍ॅझ्टेक लोक तो देवकार्यांत वापरीत, आणि आजहि मेक्सिकोंत पितरांच्या दिवसांत त्याच फुलांनीं वेदी सजवितात.

१५१० सालीं पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें. १५२१ सालीं स्पॅनिश लोकांनीं अ‍ॅझ्टेकांची राजधानी जिंकली. त्यानंतरच्या दर्यावर्दी व्यापाराबरोबर झेंडू हिंदुस्थानांत आला, असें सामान्यतः मानलें जातें. मिरची, पेरू, सीताफळ हींहि त्याच खंडांतलीं. घृष्णेश्वराचें आजचें मंदिर अठराव्या शतकांत अहिल्याबाई होळकर यांनीं उभारविलें. म्हणजे कैलासाला अपरिचित असलेलें फूल त्याच्या शेजारच्या देवळांत मानानें शिरलें.

झेंडूचें एक फूल म्हणजे वस्तुतः शेंकडों लहान फुलांचा गुच्छ. त्यांतील बारीक काळें बीं सुईसारखें असतें. याच कुळांतील एकिनेशिया हें जांभळें शंकूसारखें फूल उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांत उगवतें. त्याचें बीं कित्येक आठवडे ओल्या थंडींत राहिल्यास चांगलें रुजतें, आणि बहुधा दुसऱ्या वर्षीं फूल येतें; परंतु एकदां मूळ धरलें कीं तें वर्षानुवर्षें फुटत राहतें. झेंडूचें तसें नाहीं. आषाढांत पेरलेलें बीं आठवड्याभरांत उगवतें, दसऱ्याला फुलतें, आणि हंगाम सरतांच झाड वाळतें.

म्हणून झेंडूची परंपरा मुळांनीं टिकलेली नाहीं, माणसांच्या हातांनीं टिकली आहे. तोरणांतलीं सुकलेलीं फुलें फेकून न देतां त्यांचें बीं कोणीतरी जपून ठेवलें व पुढल्या पावसाळ्यांत पेरलें, म्हणूनच तें पिढ्यान् पिढ्या चाललें. आज बाजारांतील संकरित वाणाचें बीं पुन्हां पेरलें तर तशींच फुलें येतील असा भरंवसा नसतो. त्यामुळें घरचें बीं राखण्याची चाल मोडत चालली आहे. ज्याला ही चाल राखावयाची आहे, त्यानें एकादें गांवठी झाड तरी अंगणांत वाढवावें. जें बाहेरून आलें तें आपलें झालें, तें अशा जपणुकीमुळेंच. आणि ती जपणूक सुटली, तर जें आपलें आहे तेंहि परकें होण्यास वेळ लागणार नाहीं.