लुई जुव्हे : एक रंगनिष्ठ फ्रेंच नट

बोलपटाने नाटकाच्या तोंडचा घास काढून घेतला, ही तक्रार आपल्याकडे जुनीच आहे. परंतु बोलपटात मिळविलेला पैसा नाटकाच्या पदरात घालणारा लुई जुव्हे हा फ्रेंच नट पाहिला, म्हणजे नटाच्या निष्ठेपुढे ही तक्रार किती गौण ठरते, हे आम्हांस पटू लागते.

जुव्हेचा जन्म १८८७ साली ब्रिटनी प्रांतातील क्रोझों गावी झाला. त्याने औषधशास्त्राचे शिक्षण पुरे केले. मन मात्र रंगभूमीकडे लागलेले. पॅरिसच्या सरकारी नाट्यविद्यालयाने प्रवेशपरीक्षेत त्यास वारंवार नापास केले. पुढे १९१३ साली जाक कोपो याने नवी नाट्यसंस्था काढली. तेथे जुव्हेने केवळ भूमिकाच केल्या नाहीत, तर नेपथ्य आणि प्रकाशयोजना हीही कामे अंगावर घेतली. ज्या विद्यालयाने त्यास दार लावून घेतले होते, त्यानेच १९३४ साली त्यास अध्यापक नेमले!

१९२३ साली त्याने जूल रोमें याचे 'नॉक' हे नाटक रंगभूमीवर आणले. धडधाकट गावकऱ्यांस रोगी ठरविणाऱ्या डॉक्टरचे हे प्रहसन इतके गाजले, की गल्ला आटला म्हणजे जुव्हे पुन्हा त्याचाच आश्रय घेई. १९२८ साली 'सिगफ्रीड' करून त्याने कादंबरीकार जां जिरोदू यास नाटककार केले. नटाने लेखकाच्या शब्दाची सेवा करावी, हे त्याचे ब्रीद होते.

जर्मन अंमलात पॅरिसमध्ये मनाजोगे काम करणे अशक्य झाले, तेव्हा १९४१ साली मंडळी घेऊन तो दक्षिण अमेरिकेस गेला. तो परदेशी असतानाच, १९४४ साली, जिरोदू निवर्तला. परत येताच, डिसेंबर १९४५ मध्ये, जुव्हेने दिवंगत मित्राचे 'शायोची वेडी' हे नाटक रंगभूमीवर आणले. मित्रऋण फेडण्याची याहून उचित रीत कोणती?

ऑगस्ट १९५१ मध्ये, तालमीच्या काळात, आपल्याच आतेने नाट्यगृहात त्याने देह ठेवला.

दैवाची थट्टा अशी, की ज्या नाटकांसाठी त्याने आयुष्य वेचले, ती पडद्याबरोबरच विरून गेली. आणि 'ओतेल द्यू नोर'सारख्या, त्याने दुय्यम मानलेल्या चित्रपटांतूनच आज त्याचा तो तुटक, धारदार आवाज आपणांस ऐकू येतो. ज्या दासीने घरखर्च चालविला, तिनेच धन्याची स्मृतीही राखली, असे आम्ही म्हणतो.