अफवेच्या घटकेचा विवेक

निर्णयप्रक्रियेच्या चर्चेत एक द्वंद्व नेहमी मांडले जाते: एकीकडे हिशेबी विवेक, दुसरीकडे क्षणार्धात उमटणारी अंतःप्रेरणा. डॅनिएल काहनेमन यांच्या २०११ सालच्या ग्रंथाने हे द्वंद्व सर्वपरिचित केले. त्याच्या कितीतरी आधी, १९५५ साली, हर्बर्ट सायमन यांनी दाखवले होते की माणूस सगळे पर्याय तपासत नाही. हाती असलेल्या माहितीत आणि वेळेत पुरेसा वाटेल तो पर्याय स्वीकारतो. या मांडणीचा कस पाहण्यासाठी आम्हांला प्रयोगशाळेपेक्षा भिवंडी जवळची वाटते.

यंत्रमागांच्या या गावात मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल उसळली. तिची चौकशी न्या. मादन आयोगाने केली. मे १९८४ मध्ये पुन्हा रक्त सांडले. अशा रात्री दाराआड बसलेल्या माणसाला अविवेकी ठरवणे सोपे असते. परंतु पलीकडच्या मोहल्ल्यात त्याच्या ओळखीचे कोणी नसेल, पोलिसांवर विश्वास नसेल आणि कानी केवळ अफवाच येत असेल, तर दगड गोळा करून ठेवणे हा त्याच्या लेखी हिशेबच असतो. दोन्हीकडचे असे हिशेब समोरासमोर आले की त्यांचीच दंगल होते.

१९८८ साली भिवंडीत पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी नेमक्या याच जागी हात घातला, असे आम्हांस वाटते. त्यांच्या मोहल्ला समित्यांत दोन्ही समाजांतील सामान्य माणसे पोलिसांसह नियमितपणे एकत्र बसत. शांततेचे प्रवचन देण्याऐवजी तेथे रोजचे तंटे सोडवले जात. त्यातून ओळखी झाल्या. अफवा आली की ती कोणाला विचारून पडताळावी, हे ठाऊक झाले.

६ डिसेंबर १९९२ नंतर मुंबई दोनदा पेटली. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार ९०० माणसे मृत्युमुखी पडली. भिवंडी मात्र शांत राहिली.

एका गावाच्या अनुभवावरून सिद्धान्त उभा करू नये, हे आम्ही जाणतो. १९८४ च्या जखमा ताज्या होत्या, बंद मागांची झळ दोन्ही समाजांना बसलेली होती. ही कारणेही नाकारता येत नाहीत. शिवाय जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून याच गावात हिंसा झाली. पोलिसांच्या गोळीबारात माणसे दगावली आणि दोन पोलिसांची हत्या झाली. विश्वास एकदा कमावून कायमचा पुरत नाही.

तरीही एक गोष्ट उरते. अंतःप्रेरणा ही विवेकाची वैरीण नसून सवयीची लेक आहे. संकटाच्या घटकेला विचार करायला उसंत नसते. तेव्हा आधी जोडलेली माणसेच आपल्या वतीने विचार करतात. साहित्याच्या वर्गात आपण पात्रांच्या निर्णयांची चिकित्सा करतो, तेव्हा 'त्याने असे का केले?' या प्रश्नाआधी 'त्याला कोण कोण ओळखीचे होते?' हा प्रश्न विचारायला काय हरकत आहे?