गाभारा आणि माजघर



परदेशात आपल्यातलं कुणी घर बघायला निघालं की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, शाळा कशा आहेत? आणि दुसरा, जरा दबक्या आवाजात, दरवाजा कुठल्या दिशेला आहे? दक्षिणेला म्हटलं की सासूबाईंचा फोन, मग वास्तुतज्ज्ञाचा ईमेल, मग तांब्याचे पिरॅमिड. "हे देवळांचं शास्त्र आहे, पूर्वीचे वाडे याच नियमांनी बांधले" असं वर ठासून सांगितलं जातं. यात खरं किती, ते जरा इतिहासात जाऊन बघूया.

सुरुवात सहाव्या शतकातल्या वराहमिहिरापासून. त्याच्या बृहत्संहितेत घरांवर एक सविस्तर प्रकरण आहे आणि देवळांवर वेगळं. दोन्हीकडे पद्धत एकच, जमिनीवर चौकटी आखायच्या. घरासाठी प्रामुख्याने ९ × ९ म्हणजे ८१, देवळासाठी ८ × ८ म्हणजे ६४. या चौकटींत ४५ देवता बसवल्या आहेत, ३२ कडेने आणि १३ आत. मधली जागा ब्रह्म्याची. जिथे रेषा एकमेकींना छेदतात ती मर्मं, तिथे खांब किंवा खुंटी येऊ द्यायची नाही. चारी बाजूंनी ओसरी आणि चार दारं असलेल्या 'सर्वतोभद्र' घराबद्दल तर तो म्हणतो की हे राजांना आणि देवांना योग्य. थोडक्यात, देऊळ आणि घर ही एकाच आखणीची दोन रूपं, हे म्हणणं निराधार नाही. ईशान्येला देवघर, आग्नेयेला स्वयंपाकघर हेही त्याच ग्रंथात आहे.

पण दाराचं काय? इथे गंमत आहे. वराहमिहिर "पूर्व चांगली, दक्षिण वाईट" असं सरसकट सांगतच नाही. कडेच्या ३२ चौकटी म्हणजे दाराच्या ३२ जागा, प्रत्येक बाजूला आठ, आणि प्रत्येक जागेचं फळ वेगळं. पूर्वेच्या आठांत धन आणि राजाची मर्जी आहे, तशीच आग, राग, खोटेपणा, क्रौर्य आणि चोरीही आहे. दक्षिणेच्या आठांत बरीच फळं वाईट, पण एका जागी खाणंपिणं आणि संतती वाढते! पूर्वेच्या यादीत मुली होणं हेही एक फळ म्हणून दिलंय, आणि ते आनंदाची बातमी म्हणून दिलेलं नाही. म्हणजे ग्रंथ वाचायचाच तर पूर्ण वाचावा. त्यात घराची रुंदीही वर्णाप्रमाणे ठरवली आहे, ब्राह्मणाला जास्तीत जास्त ३२ हात आणि खाली प्रत्येक वर्णाला चार-चार हात कमी. हे मात्र कुठलाही वास्तुतज्ज्ञ आपल्याला सांगत नाही.

आता आपल्या वाड्यांकडे येऊ. केरळात देवळांसाठी तंत्रसमुच्चय (१५वं शतक) आणि खास माणसांच्या घरांसाठी मनुष्यालयचंद्रिका (१६वं शतक) असे ग्रंथ होते, आणि तिथले सुतार ते हिशोब पाळत. मराठी मुलखात कारागिराचं मोजमाप होतं खण, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर. घर केवढं? तर पाच खणी, सात खणी. तुळई जेवढी लांब मिळेल तेवढा खण, बाकी सगळं त्याच्या पटीत. धार्मिक विधी अर्थातच होते. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० ला घातला आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला झाली. त्याचं मुख्य दार, दिल्ली दरवाजा, उत्तरेला आहे. ज्या दिशेला बाजीरावाची नजर, त्या दिशेला दार! शास्त्र, लाकूड आणि राजकारण, तिघांनी मिळून वाडा उभा केला.

तरीही वाड्यात शिरताना देवळाची आठवण होते, आणि ती उगाच नाही. देवळात महाद्वार, सभामंडप, अंतराळ, गाभारा. वाड्यात दिंडी दरवाजा, देवडी, चौक, सोपा, माजघर, देवघर. दोन्हीकडे एकेका पायरीने उजेड कमी होतो, छत खाली येतं आणि माणसं गळत जातात. देवळाच्या द्वारपट्टीवर मधोमध देवतेची छोटी मूर्ती असते, तिला ललाटबिंब म्हणतात. घराच्या दारावर तिचीच गणेशपट्टी होते. शब्दसुद्धा जुळे वाटतात. गाभारा हा गर्भागारापासून आला, माजघर हे मध्यगृहापासून. एकात देव, दुसऱ्यात घरच्या बायका, तान्ही मुलं आणि धान्य.

पण ही देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. यादवकाळातली, आपण हेमाडपंती म्हणतो ती देवळं (सिन्नरचं गोंदेश्वर आठवा) अस्सल दगडी. पुढे मधली काही शतकं मोठ्या देवळांची परंपरा क्षीण झाली, आणि अठराव्या शतकात मराठे पुन्हा देवळं बांधू लागले तेव्हा हाताशी होते वाडे बांधणारे सुतार. त्यांनी देवासमोर चक्क वाड्याचा सोपा उभा केला. पुण्यात नाना फडणवीसांचं बेलबाग बघा. दगडी गाभारा आणि पुढे लाकडी सभामंडप, दिवाणखान्यात शोभावा असा. आणि ते सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, त्यांच्यावरच्या महिरपी? हे थेट शाहजहानच्या काळातल्या मुघल इमारतींचं वळण. 'महिरप' हा शब्दच मुळात मशिदीतल्या मिहराबवरून आलाय, आणि 'दिवाणखाना' फारसी. म्हणजे पेशवाईतला देव मुघल वळणाच्या खांबांखाली बसला आणि कुणाचंच सोवळं मोडलं नाही. तिकडे गोव्यात मंगेशीसारखे देव १५६० च्या सुमारास पोर्तुगिजांच्या हद्दीतून फोंड्याकडे हलवावे लागले. तिथे उभ्या राहिलेल्या देवळांवर गोव्याच्या घरांसारखीच उतरती कौलारू छपरं आहेत. समोर तुळशी वृंदावन, जसं घरच्या राजांगणात.

मग देवळाकडून घराने नेमकं घेतलं काय? माझ्या मते मध्य, आणि तोही उलटा करून. देवळात आखणीच्या गाभ्यावर गाभारा येतो, त्यावर शिखराचं सगळं वजन. वाड्यात तोच मध्य मोकळा सोडतात, तो चौक. देवळाचा मध्य शिखराखाली, घराचा मध्य आभाळाखाली. ब्रह्मस्थानात खांब नको हा नियम सुताराने ऐकला असेल किंवा नसेल, पण चौकामुळे हवा खेळत होती, पावसाचं पाणी गोळा होत होतं, पापड वाळत होते, मुंजी लागत होत्या. चिकटून उभ्या असलेल्या पेठेतल्या घरांना बाहेरच्या बाजूला खिडक्या फारशा नसत, त्यांचा श्वास चौकातून चालायचा. शास्त्र आणि सोय इथे एकमेकांना भेटली, म्हणून ते टिकलं.

घराने देवळाकडून घेतलेली दुसरी गोष्ट म्हणजे उंबरठा. ती मात्र आठवणींचा उमाळा येतो तेव्हा आपण सोयीस्कर विसरतो. कोण दिंडीशी थांबायचं, कोण ओटीपर्यंत, कोण सोप्यापर्यंत, हे जातीवर ठरायचं. घरच्याच बाई महिन्यातले चार दिवस 'बाहेर'. देवळाच्या उंबरठ्यासाठी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला, आणि पंढरपूरचा उंबरठा खुला व्हायला १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. घरांच्या उंबरठ्यांसाठी कुणी सत्याग्रह केला नाही. फ्लॅट आले आणि बरेचसे ते आपोआप पुसले गेले. वाडे गेल्याची हळहळ मलाही वाटते, पण त्यांच्याबरोबर हेही थोडंफार गेलं याची नाही.

वाडे गेले ते अनेक कारणांनी. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांतले किती तरी वाडे कोसळले. उरलेले भाडेकरू कायदा, वाटण्या आणि बिल्डर यांच्यात संपत आले. मेणवलीचा नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा अजून उभा आहे. 'स्वदेस' (२००४) मधला तो कृष्णेचा घाट याच वाड्याच्या मागचा. नासातला आपला मोहन भार्गव ज्या गावात रमला, त्याच्यामागे प्रत्यक्षात सव्वादोनशे वर्षांहून जुना मराठी वाडा होता!

आता आपल्या घरांचं. पुणे साडेअठरा अंशांवर आहे. न्यू जर्सी चाळीसच्या वर, लंडन एकावन्नच्याही वर. तिथे डिसेंबरचा सूर्य दक्षिणेला इतका खाली असतो की दक्षिणेच्या खिडक्या म्हणजे फुकटची ऊब. सिडनीत हेच उत्तरेला. पुण्याच्या उन्हापावसात मुरलेल्या सवयी जशाच्या तशा तिकडे लावल्या तर गॅसचं बिल वाढेल, एवढंच. वास्तुशांत जरूर करा. वास्तुपुरुष आग्नेयेला पुरायला जमीन नसेल तर कुंडीत ठेवा. पण दक्षिणेच्या दारापायी चांगलं घर सोडू नका, वराहमिहिरानेही ते सांगितलेलं नाही.

न्यायचंच असेल तर मोकळा मध्य न्या. चार्ल्स कोरिया यांनी जयपूरच्या जवाहर कला केंद्रात नऊ चौरसांची आखणी करून मधला चौरस मोकळा ठेवला. पुण्यात आयुकाच्या आवारातही मधोमध कुंडासारखं अंगण आहे, जिथे खगोलशास्त्रज्ञ चहा पिता पिता आकाशाबद्दल बोलू शकतात. आपल्या घरात एवढी जागा नसेल. पण टीव्ही आणि सोफ्यांनी न भरलेला, सगळ्यांना एकत्र बसता येईल आणि आल्यागेल्याला उंबरठ्याशी अडवणार नाही, असा एक तुकडा कुठल्याही अक्षांशावर ठेवता येतो.

तुमच्या आजोळच्या घराला चौक होता का? किती खणांचं होतं, आणि चौकापर्यंत कुणाकुणाला येऊ देत? घरात कुणी मोठं माणूस असेल तर आताच विचारून घ्या आणि सगळ्यांना कळवा.