पगार, प्रतिष्ठा की स्वराज्य? १९१८ ची सैन्यभरती

युद्धाचा विषय निघाला की सभांतून व वृत्तपत्रांतून दोन प्रश्नांचा ऊहापोह होतो. युद्ध न्याय्य आहे काय, आणि देश सुरक्षित आहे काय? तिसरा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. जो प्रत्यक्ष लढावयास जातो, तो कशासाठी जातो? आपल्या जुन्या मुंबई इलाख्यात या प्रश्नाची उघड चर्चा एकदा झाली. ती १९१८ च्या उन्हाळ्यात. त्या चर्चेत भाग घेणारी माणसे एवढी मोठी होती की, तिच्याकडे पुन्हा एकदा वळून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

त्या वर्षीच्या मार्च महिन्यात जर्मनीने फ्रान्सच्या आघाडीवर जोराची चढाई केली आणि इंग्रज सरकारचा धीर सुटू लागला. हिंदुस्थानातून आणखी माणसे हवी होती. एप्रिलच्या अखेरीस व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांनी दिल्लीस युद्धपरिषद बोलावली. लोकमान्य टिळकांना तिचे निमंत्रण नव्हते. गांधीजींना होते, व टिळकांना वगळल्याबद्दल नापसंती दर्शवूनही ते गेले. भरतीच्या ठरावास त्यांनी हिंदीतून एका वाक्यात पाठिंबा दिला.

पाठोपाठ १० जून रोजी मुंबईत गव्हर्नर विलिंग्डन यांची प्रांतिक परिषद भरली. येथे टिळकांना बोलावले होते, पण पाहुण्याचा मान ठेवण्याची बुद्धी यजमानास झाली नाही. आरंभीच्या भाषणातच गव्हर्नरसाहेबांनी होमरूलवाल्यांच्या निष्ठेविषयी शंका व्यक्त केली. टिळक बोलावयास उठले. राजनिष्ठा व्यक्त करून ते स्वराज्याच्या मुद्द्याकडे वळतात न वळतात तोच, येथे राजकीय चर्चा चालणार नाही, असे म्हणून त्यांना अडविण्यात आले. टिळक सभा सोडून बाहेर पडले, त्यांच्यामागे न. चिं. केळकरही निघाले. गव्हर्नरांच्या त्या उद्गारांचा निषेध त्याच परिषदेत बॅरिस्टर जिनांनी केला, आणि १६ जूनला मुंबईत जी निषेधसभा झाली तिचे अध्यक्ष गांधीजी होते.

टिळकांचा भरतीस विरोध होता, असा समज होण्याचा येथे संभव आहे. वस्तुस्थिती उलट आहे. १९१७ साली हिंदी संरक्षण दलाचा कायदा झाला तेव्हा तरुणांनी त्यात नावे घालावीत म्हणून त्यांनी स्वतः प्रचार केला होता. त्यांचे म्हणणे एवढेच की, घराचे रक्षण करावयाचे तर घर आपले आहे, अशी खात्री हवी. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने लोकांना निःशस्त्र केले. सैन्यात हिंदी माणूस सुभेदार-मेजरपर्यंत चढला तरी कालपरवा आलेल्या कोवळ्या इंग्रज अंमलदारास त्याने सलाम ठोकावयाचा. १९११ पासून हिंदी शिपाई व्हिक्टोरिया क्रॉसला पात्र ठरला, १९१४ मध्ये खुदादाद खान यांनी तो मिळविलाही, परंतु बादशाही सनद मात्र १९१७ च्या ऑगस्टपर्यंत बंद होती, आणि तेव्हाही ती अवघ्या नऊ जणांना मिळाली. मरणाच्या बाबतीत समान, हुकमाच्या बाबतीत नालायक, असा हा न्याय होता.

टिळकांनी गांधीजींकडे पन्नास हजार रुपयांचा धनादेश पाठविला. हिंदी लोकांना अधिकारपदे देण्याचे वचन तुम्ही सरकारकडून मिळवा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसे देतो, न दिल्यास ही रक्कम बुडाली समजा, असा तो पैजेचा विडा होता. गांधीजींनी धनादेश परत केला. साहाय्य सौद्याच्या भावनेने करू नये, असे त्यांचे मत होते.

'सौदा' हा शब्द आम्हांस येथे अन्यायाचा वाटतो. जो दुसऱ्याच्या पोराचा प्राण मागतो, त्याने तो कशासाठी हे सांगितले पाहिजे, एवढेच टिळक म्हणत होते. शिवाय गांधीजींचे आवाहन तरी संपूर्ण निरपेक्ष होते काय? २२ जूनला नडियादहून त्यांनी जे पत्रक काढले त्यात साम्राज्याच्या रक्षणात भाग घेणे हाच स्वराज्याचा सर्वांत सोपा व सरळ मार्ग, असे प्रतिपादन होते. फरक एवढाच की, एकाला मोल आधी ठरवून हवे होते, तर दुसऱ्याचा विश्वास होता की ते मागाहून मिळेलच.

खेडा जिल्ह्याच्या पाटीदारांनी यावर आपला कौल दिला. काही महिन्यांपूर्वी साऱ्याच्या सत्याग्रहात ज्यांनी गांधीजींना व वल्लभभाईंना फुकट बैलगाड्या दिल्या, ते आता भाड्यानेही गाडी देईनात. रोज वीस-वीस मैल पायपीट करावी लागली. गावोगाव तेच दोन प्रश्न: तुम्ही अहिंसेचे उपासक, मग आम्हांला शस्त्र घ्या म्हणून कसे सांगता? आणि या सरकारने आमचे काय भले केले? पहिला प्रश्न गांधीजींचे स्नेही चार्ल्स अँड्र्यूज यांनीही पत्रांतून त्यांना विचारला होता. जो मारू शकत नाही त्याला न मारण्याचे श्रेय कसे मिळेल, अशा आशयाचे उत्तर गांधीजी देत. उत्तरात तथ्य आहे. तथापि ते ऐकून खेड्यातील शेतकरी मेसोपोटेमियाच्या वाळवंटात जावयास निघाला नाही, हेही तितकेच खरे. ऑगस्टमध्ये गांधीजी अतिसाराने अंथरुणास खिळले आणि ती मोहीम तेथेच थांबली.

मग जे गेले ते कोण? हिंदुस्थानातून समुद्रापार गेलेल्या लढवय्यांची व मजुरांची संख्या तेरा लाखांवर जाते, त्यांतील सुमारे चौऱ्याहत्तर हजार परत आले नाहीत. सर्वांत मोठा वाटा पंजाबचा. तरी सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या भागांतील पोरांनी मराठा पलटणी भरल्या. पुणे डिव्हिजनबरोबर त्या कूत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडल्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने शरण आलेल्या सेनेत त्याही होत्या. पायदळातील शिपायाला महिना अकरा रुपये पगार होता. १९१७ पासून भरती होताच पन्नास रुपये बक्षीस मिळू लागले. कोरडवाहू जमिनीच्या तुकड्यावर चार भावांनी जगावयाचे, अशा घरात हे पैसे म्हणजे सावकाराच्या पाशातून सुटण्याची वाट होती. 'पोटासाठी गेला' असे आपण किती सहज म्हणतो! पोट हा काय हलका हेतू आहे?

परंतु पोटापलीकडचाही एक हेतू होता, आणि तो सांगणाऱ्यांना कोणत्याच युद्धपरिषदेत आसन नव्हते. कंपनी सरकारच्या मुंबई सैन्यात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईनंतर उभारलेल्या स्तंभावर त्यांचीही नावे कोरलेली आहेत. पुढे काही जाती जन्मतःच लढवय्या व काही नव्हेत, असे शास्त्र इंग्रज सेनाधिकाऱ्यांनी रचले आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद केली. ज्या समाजाला गावात विहिरीवर पाणी नाही, शाळेत पाटावर जागा नाही, त्याला पलटणीत गणवेश, निवृत्तिवेतन आणि मुलांना शिक्षण मिळत होते. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते व लष्करी शाळेत शिक्षक होते. ही शाळा नसती तर पुढचा इतिहास कसा घडला असता, याचा विचार वाचकांनीच करावा. निवृत्त शिपाई गोपाळबाबा वलंगकर यांनी या बंदीविरुद्ध अर्ज लिहिला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. दोघांनाही कोणावर चालून जावयाचे नव्हते. बंदूक खांद्यावर घेण्याचा हक्क म्हणजे माणूस म्हणून उभे राहण्याचा हक्क, अशी त्यांची धारणा होती. सरकारला १९१७ साली माणसे कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली. जातींविषयीचे ते शास्त्र गरजेपुरते गुंडाळून ठेवण्यात आले.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना न्याय्य युद्धाच्या संत थॉमस अक्वायनस यांनी सांगितलेल्या तीन अटी आम्ही पाठ केल्या: अधिकृत सत्ता, न्याय्य कारण आणि शुद्ध हेतू. पहिल्या दोहोंवर ग्रंथच्या ग्रंथ आहेत. तिसरी अट राजांच्या हेतूला लावली जाते, शिपायाच्या हेतूला कोणी विचारीत नाही. संत लूकच्या शुभवर्तमानात मात्र शिपाई स्वतःच योहानाकडे येऊन आम्ही काय करावे, असे विचारतात. शस्त्र टाका, असे योहान म्हणत नाही. कोणाला लुबाडू नका व आपल्या पगारात समाधान माना, एवढेच तो सांगतो. आमच्या मते त्यात पगाराचा धिक्कार नाही, सत्तेच्या गैरवापराचा आहे.

पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी १ ऑगस्ट १९१७ रोजी सर्व युद्धमान राष्ट्रांना शांततेचे पत्र लिहिले आणि या युद्धाला निष्फळ नरसंहार म्हटले. दोन्ही पक्षांनी ते बाजूला सारले. इकडे आपल्या ख्रिस्तसभेला 'सुरक्षितता' या शब्दाचा वेगळाच अनुभव आला. मुंबई व पुणे धर्मप्रांतांची धुरा जर्मन येशूसंघीयांकडे होती. अहमदनगर जिल्ह्यात मराठी शिकून खेडोपाडी राबणारे हे धर्मगुरू एका रात्रीत शत्रुप्रजा ठरले. कित्येकांना स्थानबद्ध करून मायदेशी धाडण्यात आले. १९०३ मध्ये 'निरोप्या' सुरू करणारे हेन्री डोरिंग तेव्हा पुण्याचे बिशप होते. युद्ध पेटले त्या सुमारास ते युरोपात गेले होते, त्यांना परतता आले नाही. १९२१ मध्ये त्यांची नेमणूक जपानात झाली. पुण्यास ते आले १९२७ मध्ये. संशयाला एवढी वर्षे पुरली!

हा संशय जर्मनांपुरता नव्हता. १९१८ च्या ज्या जुलैत गांधीजी खेड्यात शिपाई शोधीत होते, त्याच जुलैत रौलट समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. ११ नोव्हेंबरला युद्ध संपले, पुढच्या मार्चमध्ये रौलट कायदा आला, आणि १३ एप्रिल १९१९ रोजी, ज्या पंजाबने सर्वाधिक पुत्र दिले तेथेच, जालियनवाला बागेत गोळ्या झाडल्या गेल्या. त्या झाडणारे शिपाईही हिंदीच होते. त्यांच्या हेतूचा विचार करू गेल्यास आमची लेखणी अडखळते.

महार पलटण १९२१ साली मोडण्यात आली. वीस वर्षांनी पुन्हा महायुद्ध, पुन्हा माणसांची टंचाई. १९४१ मध्ये डॉ. आंबेडकर राष्ट्रीय संरक्षण सल्लागार मंडळावर घेतले गेले आणि त्याच वर्षी महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या पहिल्या टोपीचिन्हावर कोरेगावचा स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर तो काढून तेथे कट्यार आली. रेजिमेंट आजही आहे, आणि तिच्यात आता देशातील सर्व जातींचे जवान भरती होतात.