भयकथेतील रेवदंडा आणि इतिहासातील रेवदंडा

भयानक हा साहित्यातील मान्यताप्राप्त रस आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात ज्या आठ रसांची गणना केली, त्यांत त्याला स्थान आहे. तेव्हा भयकथा म्हटली की नाक मुरडावे, या मताचे आम्ही नाही. आमची तक्रार आहे ती निष्काळजीपणे लिहिलेल्या भयकथेविषयी. रेवदंड्याच्या पडक्या चर्चभोवती रचलेली अशी एक कादंबरी अलीकडे आमच्या वाचनात आली. हा दोष तिच्या एकटीचा नसल्यामुळे तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. मध्यरात्री आपोआप वाजणारी घंटा, मुंडके नसलेला पाद्री, पुरलेला खजिना असे सारे साहित्य तीत आहे; रेवदंडा मात्र कोठेच नाही. भय वाटण्याऐवजी आमची निराशाच झाली.

रेवदंडा म्हणजे पोर्तुगीजांचे चौल. 1508 मध्ये येथील पाण्यात इजिप्त व गुजरातच्या आरमारांशी झालेल्या लढाईत व्हाइसरॉय आल्मेदा यांचा तरुण पुत्र लोरेन्सो धारातीर्थी पडला. पुढे 1521 मध्ये निजामशाहीच्या अनुमतीने पोर्तुगीजांनी येथे किल्ला बांधावयास घेतला. 1570-71 मध्ये त्याच निजामशाहीच्या सैन्याने शहराला वेढा दिला आणि कित्येक महिने तोफांचा मारा चालला. 1594 मध्ये खाडीच्या मुखावरील कोर्लईचा डोंगर पोर्तुगीजांनी जिंकला. अखेर 1740 पर्यंत हा सारा टापू मराठ्यांच्या ताब्यात गेला.

सत्ता गेली, तेव्हा अधिकारी व सैनिक निघून गेले. कोर्लईची गरीब ख्रिस्ती कुटुंबे मात्र मागे राहिली. ज्यांच्या आश्रयाने आपण जगलो त्यांची गलबते दृष्टिआड झाल्यावर त्या माणसांच्या मनात काय दाटले असेल? उद्या आपले कसे होणार, हे भय कोणत्याही भुताच्या भयाहून मोठे होते. त्या भयासह ती माणसे तेथेच नांदली. पोर्तुगीज व मराठी यांच्या संगमातून घडलेली त्यांची बोली अडीच शतकांहून अधिक काळ टिकून राहिली. क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने 1996 मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. आमच्या कादंबरीकाराला मात्र खाडीपलीकडे माणसे राहतात याचीही दखल घ्यावीशी वाटली नाही.

चांगला भयकथाकार असे करीत नाही. ब्रॅम स्टोकर कधीही ट्रान्सिल्व्हेनियाला गेला नव्हता. पण त्या प्रदेशाविषयीचे ग्रंथ त्याने कसून वाचले आणि ज्या व्हिटबी बंदरात 1890 मध्ये तो राहिला, ते बंदर ‘ड्रॅक्युला’त बारकाव्यांनिशी उतरविले. आपल्याकडे नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वरून ‘लुचाई’ लिहिली, ती मराठी मातीत रुजवून. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांतील भय नेहमीच्या मध्यमवर्गीय घरातून, ओळखीच्या नात्यांतून उगवते. पायाखालची जमीन खरी वाटली, तरच ती सरकल्याचे भय वाटते.

निकृष्ट भयकथेने वाचकाचे चार तास वाया जातात, हे नुकसान तसे किरकोळ. आम्हाला चिंता आहे ती वेगळीच. सहलीला आलेला तरुण सातखणी मनोऱ्याखाली उभा राहून भुताची चौकशी करतो आणि तो मनोरा कोणी बांधला, हे विचारावयाचे विसरतो. त्या भग्न भिंतींच्या परिसरात आमचे पूर्वज निजले आहेत. दर 2 नोव्हेंबरला आम्ही मृतांसाठी प्रार्थना करतो. त्यांना भिण्याची शिकवण आम्हाला मिळालेली नाही. या किनाऱ्यावर भयकथा अवश्य लिहावी. मात्र लेखणी उचलण्यापूर्वी लेखकाने एकदा होडीने खाडी ओलांडावी, कोर्लईच्या एखाद्या वृद्धेजवळ बसावे आणि ती आपल्या बोलीत काय सांगते, ते ऐकावे.