पाच तास उशिराची बातमी

डिसेंबर १९७३ मध्ये बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्राने एक खटाटोप आरंभला. एबीसी वाहिनीचे संध्याकाळचे बातमीपत्र मुद्रित करून घ्यायचे, त्यातले बोलणे सबटायटलमध्ये उतरवायचे आणि रात्री अकराला तेच पुन्हा दाखवायचे. हाताशी जेमतेम पाच तास. निवेदकाचा वेग वाचणाऱ्याला झेपणार नाही, म्हणून वाक्ये छाटली जात. सार्वजनिक केंद्रावर जाहिराती चालत नसत. त्या रिकाम्या जागांत हवामान, सामन्यांचे निकाल आणि खास कर्णबधिरांच्या कामाच्या बातम्या बसत. अमेरिकेतल्या कर्णबधिरांना टीव्हीवरची रोजची बातमी नियमितपणे कळू लागली ती अशी, आणि हे काम मोठेच होते. तरी पुढच्या इतिहासातली मेख त्या पाच तासांतच आहे. बातमी पोचली म्हणजे सोय झाली, असे सगळे धरून चालले. ती केव्हा पोचली, हे फारसे कुणी विचारले नाही.

पाच तासांनी असे काय बिघडते? ऐकू येणारेसुद्धा सकाळी पेपर वाचतातच की, असे कुणी म्हणेल. पण त्यांनी पेपरवर थांबायचे की नाही, हे त्यांच्या हातात असते. निवडणुकीच्या रात्री घरातले सगळे टीव्हीसमोर बसलेले असताना एकाला मात्र दुसऱ्याने दोन शब्दांत सांगितलेल्या सारांशावर भागवावे लागते. वादळाच्या इशाऱ्याबद्दल तर बोलायलाच नको. शिवाय ज्यांची पहिली भाषा खुणांची, त्यांना छापील मजकूर ही दुसरी भाषा असते. 'पेपर वाचा' हा सल्ला दिसतो तितका सोपा नाही.

हा उशीर मोडला तो न्यायालयातल्या लघुलेखकांनी. त्यांच्या छोट्या यंत्रावर एका वेळी अनेक कळा दाबून अक्षराऐवजी उच्चार टिपतात. संगणकाने ते उच्चार शब्दकोशाशी ताडून लगेच शब्द उमटवायला सुरुवात केली आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये एबीसीच्या बातम्यांवर थेट सबटायटल आले. चुका होत, विशेषतः नावांत. छाटून नीट केलेला जुना मजकूर कितीतरी नेटका होता, हा आक्षेप खरा आहे. पण नेटकेपणासाठी पाच तास थांबायचे की चुकांसकट आत्ता वाचायचे, हे केंद्राने परस्पर ठरवू नये. एव्हाना हे सबटायटल पाहायला वेगळी पेटी विकत घ्यावी लागत होती. १९९० च्या कायद्याने ती १९९३ पासून १३ इंच आणि त्याहून मोठ्या टीव्हीच्या आतच आणली.

आपल्याकडे दूरदर्शनने १९८७ मध्ये कर्णबधिरांसाठी खुणांच्या भाषेतले बातमीपत्र सुरू केले, तेही आठवड्यातून एकदा. पाच तासांच्या जागी सात दिवस! अंधांची गोष्ट थोडी निराळी आहे. रेडिओ त्यांना वेळेवर बातमी देतच होता. २००८ मध्ये मुंबईतून स्वागत थोरातांनी काढलेले 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक वेगासाठी नव्हतेच, स्वतःच्या बोटांनी वाचण्यासाठी होते. कर्णबधिरांना असा रेडिओ नाही. मराठी लघुलेखन आपल्याकडे आहे, विधिमंडळाचे प्रतिवेदक शब्दन् शब्द टिपतात. मात्र कागदावरच्या त्या खुणा नंतर उलगडाव्या लागतात, म्हणजे उशीर पद्धतीतच आहे. बोलणे ऐकून अक्षरे उमटवणारी यंत्रे आता आली आहेत, पण ती चुकतात ती बहुधा गावांच्या आणि माणसांच्या नावांत. बातमीत नेमके तेच लागते, तेव्हा मध्ये माणूस हवाच.

त्यासाठी पैसा लागतो आणि प्रेक्षक थोडे, ही तक्रार वाहिन्यांची नेहमीची. २०११ च्या जनगणनेत अपंगांची संख्या २.६८ कोटी भरली. त्यातले सगळे कर्णबधिर नाहीत हे उघड आहे, पण उरणारा आकडाही किरकोळ नाही. अपंगांच्या हक्कांसाठीच्या २०१६ च्या कायद्याने माध्यमांतला मजकूर सर्वांना मिळण्याजोगा करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. त्यानंतर २०१९ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने दूरचित्रवाणीसाठी मानके काढली आणि त्यांत सूट दिलेल्या कार्यक्रमांच्या यादीत क्रिकेटसारख्या थेट सामन्यांच्या जोडीला थेट बातम्याही घातल्या.